आधी आदल्या रात्रीचं विचार

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. शाळेचं हस्तलिखित काढायचं, विषय किल्लारीचा भूकंप घ्यायचा आणि सातवीच्या मुलांनी आपापल्या आजी-आजोबांकडून ३० सप्टेंबर १९९३ ची आठवण लिहून आणायची, असं तू ठरवलंस. त्या गावात तुला अजून वर्ष पुरं झालेलं नाही. तरी तुला हे सुचलं, याचं मनापासून बरं वाटलं. त्यापाठोपाठ काळजीही वाटली. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून पत्र लिहायला बसलो.

सोबत पाठवलेली प्रश्नावली वाचली. भूकंप झाला तेव्हा तुम्ही कुठे होता? तुम्हाला काय वाटले? किती नुकसान झाले? यातून काय शिकलात? ती तूर्त कपाटात ठेव. हे चारही प्रश्न त्या लोकांना इतक्यांनी विचारलेत, की त्यांची उत्तरं तयार असतात. पंचनाम्याला आलेल्यांनी विचारले, वर्तमानपत्रवाल्यांनी विचारले, पीएच.डी. करणाऱ्यांनी विचारले, गाडीतून उतरलेल्या पाहुण्यांनी दुभाष्याकडून विचारून घेतले. तुझ्या मुलांनाही आजी तेच सांगेल. "लई मोठा आवाज झाला, घर पडलं, देवानं वाचवलं." तीन ओळी येतील आणि तीसही वह्यांत त्याच असतील. यात आजीची चूक काहीच नाही. हवालदाराला, तलाठ्याला आणि पत्रकाराला सांगून सांगून जे उरलं, ते ती नातवाला देईल.

आधी आदल्या रात्रीचं विचारायला सांग. बुधवार होता, २९ तारीख, अनंत चतुर्दशी. गावोगाव विसर्जनाच्या मिरवणुका. घरी काय रांधलं होतं? गणपती कुठं बुडवला, विहिरीत की तेरणा नदीत? ढोल कुणाचा होता? तुम्ही परत कधी आलात, सोबत कोण होतं? आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं, कोण कुठं झोपलं होतं?

या शेवटच्या प्रश्नाला फार वेळ लागेल. लागू दे. कुणी ढाळजेत, कुणी माजघरात, कुणी माळवदावर, कुणी शेतात जागलीला. कुणाची लेक गौरी-गणपतीला माहेरी आलेली, तिला आतली खोली दिलेली. कुणी रोज ओसरीवर झोपणारा, त्या रात्री डास चावतात म्हणून आत गेलेला. कुणी भांडून शेतात निघून गेलेला. मी ऐकलेल्या आठवणींत हे एक जवळजवळ प्रत्येकानं सांगितलं, कोण कुठं अंथरूण टाकून होतं ते. आणि सांगताना माणूस हातानं जमिनीवर जागा दाखवतो. "हितं मी, हितं ती, हितं धाकटा." तो हात मुलांना बघू दे. जमलं तर त्याचं चित्र काढायला सांग, लिहिण्याआधी.

तिथून पुढं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांकडं जायचं की नाही, हे सांगणाऱ्यानं ठरवायचं. कुणी जाईल. कुणी "झोपलो मग" म्हणून थांबेल. थांबला तर मुलानं "मग काय झालं?" विचारायचं नाही. वही मिटायची, आजीला पाणी आणून द्यायचं, उठायचं. तेवढ्यावर थांबलेली आठवणही हस्तलिखितात पूर्ण म्हणून छापायची. अर्धवट म्हणून कुणाचा कागद परत पाठवू नकोस, आणि त्याला मार्कही कमी देऊ नकोस.

दुसरं, जुन्या घराचा नकाशा काढून घे. यात तुझ्या विज्ञानाच्या तासाचंही काम होईल. तुझी मुलं जन्मल्यापासून काँक्रीटच्या घरात राहतात, रुंद रुंद रस्त्यांच्या वसाहतीत. ए, बी, सी घरं हे शब्द त्यांच्या कानावर असतात. भूमिहीनाला आणि अगदी थोडी जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, त्याच्या वरच्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०, असा तो हिशेब होता. अशी ५२ गावं उठवून नव्या जागी बसवली. पण आजोबांचं घर चौरस फुटात नव्हतं, खणात होतं. "आमचं बारा खणाचं होतं," असं ते सांगतील. खण म्हणजे काय, हे मुलांनी त्यांच्याकडूनच समजून घ्यावं. लाकडी खांब, त्यावर तुळया, वर फळ्या किंवा किलच, त्याच्यावर मातीचं जाड धाबं. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला गळू नये म्हणून वर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, आणि असे थरावर थर चढत माळवद हातभर, दोन हात जाड व्हायचं. भिंती तर एवढ्या रुंद की कोनाड्यात मूल बसावं. भिंतीतच धान्याचं बळद.

हे बोलताना आजोबांच्या चेहऱ्यावर घराचा अभिमान येईल. येऊ दे. मग पुढच्या आठवड्यात तू वर्गात फळ्यावर ती भिंत काढ. बाहेरून दगडांचा एक पदर, आतून एक पदर, मधे दगडगोट्यांची आणि मातीची भर. दोन्ही पदरांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. जमीन आडवी हलली तसे दोन पदर दोन बाजूंना फुटले. आतला पदर निजलेल्या माणसांवर आला, आणि वरून ती माती. ६.२ ते ६.४ रिश्टरच्या नोंदी आहेत. जगातल्या मोठ्या भूकंपांपुढं हा आकडा फार मोठा नाही. पण केंद्र जमिनीखाली दहा-बारा किलोमीटरवरच होतं, वेळ झोपेची होती आणि घरं अशी होती. गावाबाहेरच्या कुडाच्या नि पत्र्याच्या खोपट्यांतली कितीतरी माणसं त्या पहाटे चालत बाहेर आली, आणि चिरेबंदी म्हणून ज्यांचं कौतुक होतं ते वाडे बसले. हे मुलांना स्पष्ट सांग. आजी म्हणेल देवाची मर्जी, त्यावर वाद घालू नकोस. पण तुझ्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला भिंत कशी बांधतात, कोपऱ्याला काय घालतात, हे कळलंच पाहिजे. उद्या तोच घर बांधणार आहे. तुझ्याच गावात घराच्या मागं वाढवलेल्या खोल्या एकदा नजरेखालून घाल. त्यातल्या काही पुन्हा चिखलात रचलेल्या दगडाच्या आहेत. मी पाहिल्यात, आणि पाहून रात्री झोप लागली नाही.

आधीच्या वर्षाचंही विचारायला विसरू नको. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारी भागात धक्क्यांची रांगच लागली होती. जमिनीतून गुरगुर यायची. लोक घाबरून बाहेर, अंगणात, शेतात झोपत होते. मग धक्के थांबले आणि लोक हळूहळू घरात गेले. हा भाग तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार म्हणजे पक्का खडक, इथं काही होत नाही, असं आम्हीही मुलांना पुस्तकातून शिकवत होतो. पुढं २००२ साली नकाशा बदलला आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात गेला. तुला आजोबा सांगतील, "आम्ही तेव्हाच म्हणत होतो." कुणी तेरणेवरच्या माकणीच्या धरणाला बोल लावेल. त्यावर शास्त्रज्ञांतही वाद झालेला आहे, तेव्हा तू निकाल द्यायच्या भानगडीत पडू नकोस. ते जसं बोलतील तसं लिहून घे. एका माणसानं मला सांगितलं होतं, "वर्षभर बाहेर निजलो आणि त्याच रात्री आत निजलो." खरंतर वर्षभर तो बाहेर निजलेला नसणार, मधे एक अख्खा पावसाळा गेला होता. पण मी ते वाक्य तसंच ठेवलंय. त्याला ते वर्ष तेवढं लांब वाटलं असेल.

आता माझं सांगतो. माझ्या सांगण्यातली चूक तुझ्या उपयोगाची आहे.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. शाळा औसा तालुक्यात, राहायला लातूरला. पहाटे फळीवरची भांडी खाली आली आणि आम्ही सगळे उघड्या अंगानं रस्त्यावर. चांदणं होतं, पुनवेचं. सगळी गल्ली त्या चांदण्यात उभी, आणि कुणीच कुणाशी मोठ्यानं बोलत नव्हतं. इथवर ठीक आहे. पण पुढं मी बरीच वर्षं सांगायचो, की सकाळी सात पाचला पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्यांत मी किल्लारीचं नाव ऐकलं आणि तसाच निघालो. निवेदकाचा आवाजही मला आठवायचा. पाच-सात वर्षांमागं माझा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, वीज गेली होती. आपला रेडिओ विजेवरचा. कसला ऐकलास?" त्याचं म्हणणं, औशाकडून आलेल्या एका जीपवाल्यानं चौकात सांगितलं. मी खूप वेळ गप्प बसलो. तो खोटं बोलत नव्हता, आणि मीही इतकी वर्षं खोटं बोलत नव्हतो.

म्हणून मुलांना वहीत दोन रंग वापरायला सांग. आजीनं स्वतः पाहिलं ते निळ्या शाईनं, मागाहून ऐकलं ते हिरव्या. आजीलाच विचारायचं, "हे तू बघितलंस का कुणी सांगितलं?" हा प्रश्न तिला दुखवत नाही, उलट ती नीट आठवून बघते. आणि घरातली दोन माणसं वेगवेगळं सांगू लागली, तर दोघांचंही लिहायचं. कोण बरोबर ते मुलानं ठरवायचं नाही.

त्या दिवशी आम्ही चार शिक्षक एका टेम्पोनं निघालो. सोबत पाव आणि पाण्याचे दोन कॅन. चाळीसेक किलोमीटरचा रस्ता, पण लामजना पाटीच्या अलीकडंच गाड्या तुंबल्या. अँब्युलन्स, जीप, ट्रॅक्टर, आणि नुसते बघायला निघालेले शेकडो लोक मोटारसायकलवर. पुढचे कितीतरी दिवस या बघ्यांनी मदतीच्या गाड्या अडवल्या. पण खरं सांगायचं तर पहिला तासभर मीही त्यांच्यातलाच होतो. हात कुठं घालावा तेच कळत नव्हतं.

रस्त्याच्या कडेच्या एका गावात, लिंबाखाली एक बाई म्हैस पिळत होती. खाली भांडं नव्हतं. धार थेट जमिनीवर पडत होती, काळ्या मातीत दूध मुरत होतं आणि वर फेस तेवढा राहत होता. सड तटतटलेले. रेडकू कुठं दिसत नव्हतं. मी उभा राहून बघत होतो. ती मान न वळवता म्हणाली, "धर की कायतरी, नुसतं बघतूस काय." बाजूला एक कळशी पडली होती, तोंड चेपलेली. ती मी धरली. धार कधी आत, कधी चेपलेल्या काठावरून माझ्या हातावर. कोमट. अर्धी कळशी झाली तेव्हा ती म्हणाली, "ने, त्या लेकरांला पाज." पलीकडं पोत्यावर पाच-सहा मुलं बसवलेली होती. मी दूध पाजलं. त्या अख्ख्या दिवसात मी केलेलं कामाचं असं तेवढंच.

ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली, तुमच्या बॅचलाही. आणि प्रत्येक वेळी सांगितलं, की ती बाई रडत होती, टपटप पाणी डोळ्यांतून. दहा वर्षं झाली तेव्हा त्या टेम्पोतले एक सहकारी एका लग्नात भेटले. मी पुन्हा तेच सांगू लागलो. ते म्हणाले, "रडत कुठं होती? म्हशीला शिव्या घालत होती." आणि ऐकताक्षणी मला ते ऐकू आलं. एकेक शिवी. म्हैस पाय हलवत होती आणि ती तिला झापत होती, रोजच्यासारखं. रडणं मी घातलं होतं. मला वाटत होतं की तिनं रडायला हवं होतं, म्हणून. तिच्या घरातलं कोण गेलं होतं हे मी विचारलंही नाही, आणि दहा वर्षं तिच्या डोळ्यांत पाणी घालत राहिलो. याचं मला अजून वाईट वाटतं.

तुझी मुलं हेच करतील. मराठीच्या पेपरात निबंधाला मार्क मिळावेत म्हणून आपण त्यांना शिकवतोच ना, "अश्रूंचा पूर", "काळाचा घाला", "होत्याचं नव्हतं झालं". हे सगळे शब्द या हस्तलिखितापुरते बंद. आजीनं वापरले असतील तरच चालतील. आजी हसून सांगत असेल, तर "आजी हसली" असं लिहायचं. एखादा आजोबा अख्खा वेळ बैलांबद्दलच बोलेल, बायकोचं नाव काढणार नाही. त्याचं बैलांबद्दलचंच लिही, सगळं.

पुढच्या काही आठवड्यांत आम्हा शिक्षकांना याद्यांच्या कामाला लावलं. पत्र्याच्या शेडांतून फिरायचं, तक्ता भरायचा. अनुक्रमांक, मृताचे नाव, वय, वारसाचे नाव, नाते. मृतांचे आकडे आज तुला वेगवेगळ्या कागदांत वेगवेगळे दिसतील, कुठं आठ हजारांच्या जवळपास, कुठं पावणेदहा हजार. मुलांनी विचारलं तर दोन्ही सांग. आकडा का जुळत नाही हे मला त्या तक्त्यावर बसून कळलं.

एका शेडमध्ये एक आजी होती. लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली, दोघंही गेले. लेकीचं नाव लिहिलं, वय लिहिलं. पुढच्या ओळीला मी विचारलं, नाव? ती म्हणाली, नऊ दिवसांचं होतं, बाराव्या दिवशी बारसं करायचं होतं. मी "बाळ" असं लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. काय लिहिलं म्हणून तिनं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "बाळ नगा लिवू गुरुजी. बाळ तर समदीच हैत." मग ती बराच वेळ शेडच्या पत्र्याकडं बघत बसली. बाहेर माझ्यासाठी दहा-बारा लोक थांबले होते. शेवटी तिनं एक नाव सांगितलं. मी "बाळ" खोडून ते नाव लिहिलं आणि खाडाखोडीवर नियमाप्रमाणं लहान सही केली. ते नाव मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही सांगत नाही. ते त्या यादीत आहे.

हे सांगायचं कारण असं, की तुझ्या वर्गातल्या हजेरीपटावरची काही नावं अशीच आलेली असतील. चुलत्याचं, आत्याचं, आधीच्या भावंडाचं नाव पुढच्या पिढीत ठेवलंय. मुलाला ते ठाऊक असेलच असं नाही. कितीतरी पुरुषांनी नंतर दुसरं लग्न केलं. ज्यांची मुलं गेली अशा काही बायांनी कुटुंबनियोजनाची झालेली शस्त्रक्रिया परत जोडून घेतली आणि पुन्हा आया झाल्या. म्हणजे तुझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीच्या आजीला तिच्या बापाखेरीज आणखी दोन लेकरं असू शकतात, ज्यांचा उल्लेख त्या घरात कधीच होत नाही. आणि तू त्या मुलीच्या हातात वही देऊन तिला आजीपुढं बसवणार. म्हणून मुलांना पाठवण्याआधी तू स्वतः प्रत्येक घरी जा. तीस घरं म्हणजे महिनाभर संध्याकाळी हेच काम. चहा घे, काय करायचंय ते सांग, आणि विचार, "तुमच्या नातवानं विचारलेलं चालेल ना?" नको म्हणाले तर त्या मुलाला दुसरं काम दे. मुखपृष्ठ, अक्षर, जुन्या गावातल्या मंदिराचं चित्र, काहीही. त्याला सगळ्यांसमोर कारण विचारू नकोस.

पैशांचं मात्र कुणालाच विचारू देऊ नको. किती मिळाले, कुणाला मिळाले. त्या रकमांवरून भाऊ भाऊ तुटलेत. तुझ्या मुलांना भूकंप माहीत आहे तो मुख्यतः दाखल्यावरून, भूकंपग्रस्ताचा दाखला, नोकरीत दोन टक्के. "आमच्याकडं दाखला आहे" हे मुलं अभिमानानं सांगतात. त्यात वाईट काही नाही, घरोघरी त्या दाखल्यानं चूल पेटली आहे. पण तो दाखला कुणाच्या नावावर उभा आहे हे या निमित्तानं कळलं, तर कळू दे.

वडिलांनाही विचारायला सांग, फक्त आजी-आजोबांना नको. तुझ्या मुलांचे बाप तेव्हा चार-सहा वर्षांचे होते. त्यांना पहाट आठवणार नाही. त्यांना पत्र्याची शेडं आठवतील, दुपारी तापणारी, पावसात तडतडणारी. रस्त्याकडेला पडलेले जुन्या कपड्यांचे ढीग आठवतील. देशभरातून एवढे कपडे आले की वाटायला माणसं पुरेनात, आणि आमच्या लोकांना न वापरता येणारे कपडे भिजून कुजले. या बापांतला एखादा भारतीय जैन संघटनेच्या लोकांनी पुण्याला नेलेल्या हजार-बाराशे मुलांपैकी असेल, किंवा नळदुर्गच्या 'आपलं घर'मध्ये वाढलेला असेल. अशा माणसाची आठवण दोन गावांची असते. त्याला त्या पहाटेपेक्षा एसटीत बसवून दिलेला दिवस जास्त ठळक असू शकतो. त्याची आठवण त्याच दिवसापासून सुरू होऊ दे.

आणि तारखेचं. शाळेत, स्मृतिस्तंभापाशी, सरकारी कार्यक्रमात ३० सप्टेंबर पाळतात. पण घरात तिथी चालते. चतुर्दशीची रात्र उलटून पुनवेच्या पहाटे झालं, आणि लगेच पितृपक्ष लागला. त्या वर्षी तिथल्या लोकांना पितरांसाठी वेगळा पंधरवडा शोधावा लागला नाही. आजही बऱ्याच घरी त्या तिथीला पान वाढतात. म्हणून गणपतीच्या दहा दिवसांत आणि पितृपक्षात मुलांना वह्या घेऊन पाठवू नकोस. दिवाळीनंतर पाठव, सुगी चालू असली तरी संध्याकाळी लोक घरी असतात, थंडीत शेकोटीजवळ बोलतात. प्रकाशन ३० सप्टेंबरला करायचा तुझा विचार आहे, तो बदल असं म्हणत नाही. पण मग या वर्षी नको, पुढच्या वर्षी कर. घाई कसली आहे?

एक शेवटचं काम, आणि हे टाळू नकोस. मुलानं लिहिलेलं आजीला मोठ्यानं वाचून दाखवायचं, अंकात घेण्याआधी. ती म्हणेल हे काढ, तर काढायचं. ती म्हणेल हे असं नव्हतं, तर बदलायचं, आणि खाडाखोड तशीच दिसू द्यायची. सुंदर अक्षरात पुन्हा उतरवून घ्यायचा मोह होईल, पण खोडलेलं राहू दे. खाली आजीचा अंगठा किंवा सही, आणि मुलाची सही.

पहिल्या चार-पाच वह्या झाल्या की मला कळव. मी सकाळच्या एसटीनं येईन. जुन्या गावात जाऊन यायचं असेल तर मुलांना दुपारी नेऊ नको, बाभळी माजल्यात आणि ढिगाऱ्यांत साप असतात. सकाळी जाऊ, सोबत दोन जाणती माणसं घेऊ. मला तो लिंब अजून आहे का ते बघायचं आहे.

तब्येतीची काळजी घे. तुझ्या आई-वडिलांना नमस्कार.

तुझा,
सर

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी भावाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, वीज गेली होती हे नक्की, पण समोरच्या घरी सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर होता आणि त्या सकाळी तो ओट्यावर आणून ठेवला होता. म्हणजे मी बातम्या ऐकल्याही असतील. वहीत दोन्ही लिहून ठेवलंय, त्याच्या म्हणण्यापुढं त्याची सही घेतली आहे.